बर्फ सुटायची वाट

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या उत्तर टोकाला वसंताची पहिली खूण बघायची असेल तर फेब्रुवारीच्या अखेरीला, उणे वीस तापमानात, काळ्या स्प्रूसच्या झाडीत जायला हवं. जंगलात मांडीएवढं हिम, तलावांवर दोन-अडीच फूट जाडीचा बर्फ, आणि अशात कॅनडा जे नावाचा एक राखाडी पक्षी चोचीत काटकी धरून लगबगीने ये-जा करताना दिसतो. त्याने घरटं बांधायला घेतलेलं असतं. मार्चमध्ये अंडी, एप्रिलमध्ये पिल्लं. दक्षिणेला गेलेले पक्षी परतीच्या वाटेवर असतात तेव्हा याचं बाळंतपण उरकत आलेलं असतं.

हा पक्षी थंडीत कुठे जात नाही. उन्हाळ्यात आणि शरदात मिळेल ते, किडे, बोरं, अळंबी, लांडग्यांनी टाकलेल्या शिकारीचं मांस, तो आपल्या चिकट लाळेत घोळवतो आणि झाडांच्या सालींखाली चिकटवून ठेवतो. अशा हजारो जागा. त्यातल्या कितीतरी त्याला महिनोन्‌महिने आठवतात. घरात पुरेसं भरून ठेवलंय या भरवशावर तो भर हिमात पिल्लं काढतो. मात्र हा साठा टिकतो तो थंडीमुळे. शरद ऋतू उबदार गेला, मध्येच हिम वितळून पुन्हा गोठलं, तर मांस नासतं आणि पुढच्या मार्चमध्ये पिल्लांच्या तोंडात घालायला काही उरत नाही. ऑन्टॅरिओतल्या अल्गोंक्विन उद्यानात या पक्ष्यांवर कित्येक दशकं अभ्यास चालू आहे, त्यातून हे कळलं.

वसंताबद्दल लिहिणारे बहुधा परत येणाऱ्यांबद्दल लिहितात. मीही पुढे तेच करणार आहे, कारण लून पक्ष्याशिवाय इथला वसंत पुराच होत नाही. पण जे गेलेच नव्हते त्यांना पहिलं पान वाढायला हवं, असं मला इथे राहून वाटायला लागलंय.

आता जागा सांगते. मिनियापोलिसहून उत्तरेला चार-साडेचार तास गाडी हाकली की ईली नावाचं गाव लागतं. त्याच्या थोडं पुढे रस्ते संपतात आणि पाणी सुरू होतं. बाउंड्री वॉटर्स कनू एरिया वाइल्डरनेस हे सरकारी नाव. लोक नुसतं बाउंड्री वॉटर्स म्हणतात. कॅनडाच्या सरहद्दीला लागून सुमारे अकरा लाख एकरांचं जंगल आणि त्यात हजाराहून जास्त तलाव. पलीकडे कॅनडाचं क्वेटिको उद्यान, तिथेही तेच, झाडी आणि पाणी. १९६४ च्या वाइल्डरनेस कायद्याने आणि नंतर १९७८ मध्ये खास या जंगलासाठी झालेल्या कायद्याने इथे रस्ते आणि घरं नाहीत, बहुतेक तलावांवर मोटरबोटीही नाहीत. जायचं तर वल्हं मारत, आणि एक तलाव संपून दुसरा सुरू होईपर्यंत कनू, म्हणजे हलकी निमुळती होडी, खांद्यावर घेऊन. या मधल्या पायवाटांना पोर्टेज म्हणतात. त्यांची लांबी नकाशांवर अजूनही रॉडमध्ये लिहितात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, साधारण एका कनूएवढा. खाली खडक आहे तो काही ठिकाणी २७० कोटी वर्षांचा. त्यावर हिमनद्या घासत गेल्या, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी मागे हटल्या, आणि त्यांनी खरवडलेल्या खळग्यांत पाणी साठलं.

जंगलाच्या पूर्व टोकाला जायचं तर डुलुथहून सुपीरियर सरोवराच्या काठाकाठाने ग्रँड मरेपर्यंत रस्ता आहे. तिथले कडे मला पहिल्यांदा पाहताच ओळखीचे वाटले. काळे, पायऱ्यापायऱ्यांचे, मधूनमधून छिद्रं आणि छिद्रांत पांढरे-गुलाबी खडे. हा बेसॉल्टच, लाव्हाच्या थरांवर थर. फक्त आपल्या सह्याद्रीचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांचा, आणि हा ११० कोटी वर्षांचा. आपल्याकडे विहीर खणताना निघतात तसे गारगोटीचे आणि झिओलाइटचे खडे इथे लोक सुट्टीच्या दिवशी किनाऱ्यावर वाकून वाकून शोधत असतात.

मार्चला वसंत म्हणणारे फक्त कॅलेंडरवाले. तरी मार्चमध्ये काही ना काही घडायला लागतं. दक्षिणेला उघड्या पाण्याजवळ हिवाळा काढून बाल्ड ईगल परततात आणि आपल्या जुन्याच अवाढव्य घरट्यात आणखी काटक्या खोचतात. डोमकावळे जोडीने आकाशात कोलांट्या मारतात. रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा ऊन असा खेळ सुरू झाला की सुपीरियरच्या काठच्या टेकड्यांवर शुगर मेपलच्या झाडांत रस चढतो. चाळीस लिटर रस उकळावा तेव्हा लिटरभर पाक मिळतो. इथले मूळनिवासी ओजिब्वे लोक हे काम शतकानुशतकं करत आले आहेत. १८५४ च्या ला पॉइंटच्या तहात त्यांनी हा सगळा मुलूख अमेरिकेच्या सरकारला दिला, पण शिकार, मासेमारी आणि रानातलं गोळा करण्याचा हक्क स्वतःकडे ठेवला. तो हक्क आजही चालतो, आणि या जंगलाला निर्जन, अस्पर्श वगैरे म्हणणाऱ्या पर्यटनाच्या पुस्तिकांनी तो जरा ध्यानात ठेवावा.

गुढीपाडवा याच सुमारास येतो. आमची गुढी खिडकीच्या आतून उभी असते, कडुनिंब मिळत नाही, आणि अंगणात हिम. निफाडहून नानांचा फोन येतो. द्राक्षं उतरून झालेली असतात, त्यामुळे ते निवांत असतात.

"फुटलं का काही तिकडं?"

"अजून बर्फच आहे, नाना."

"आता चैत्र लागला ना पण!"

चैत्र लागला की पालवी फुटायलाच पाहिजे, मग ती अमेरिका का असेना, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना तापमान सांगते. ते फॅरेनहाइटमध्ये की सेल्सिअसमध्ये, हे विचारतात आणि दोन्ही ऐकून घेऊन गप्प बसतात.

एप्रिल बर्फाचा. पडणाऱ्या नव्हे, सुटणाऱ्या. आधी तलावावरचं हिम विरतं आणि पांढरा तलाव राखाडी होतो. मग जिथे ओढे येऊन मिळतात तिथे आणि उन्हाने तापलेल्या खडकांच्या कडेने पाण्याची अरुंद काळी रेघ दिसायला लागते. ती हातभर होते, वावभर होते. मधला बर्फ काठापासून सुटून तरंगत राहतो. काही दिवसांनी राखाडीचाही काळा होतो, आणि अनुभवी माणसं ज्याची वाट बघत असतात तो हाच रंग. बर्फात पाणी मुरलेलं असतं; आतापर्यंत ऊन परत फेकणारा बर्फ आता ते शोषून घ्यायला लागतो.

हा काळा बर्फ फसवा असतो. वरून फूटभर जाड दिसतो, पण तो एकसंध राहिलेला नसतो. उन्हाने त्याला स्फटिकांच्या सांध्यांतून आतल्या आत पोखरलेलं असतं आणि बोटाएवढ्या जाडीच्या उभ्या कांड्या एकमेकींच्या आधाराने उभ्या असतात. माणसाचं वजन त्याला पेलत नाही. मग एखाद्या दुपारी दक्षिणेचा वारा सुटतो आणि सगळा थर हलतो. हजारो लाखो कांड्या सुट्या होतात, एकमेकींवर घासतात, खडकांवर चढतात, ढीग करतात. तो आवाज मी कितीही वेळ ऐकत बसू शकते. काचेची किणकिण, पण मैलभर लांबीची, आणि तिच्याखाली दबका धुसफूसता घोष. तासाभरापूर्वी जिथे बर्फ होता तिथे लाटा येतात. संध्याकाळी कुणीतरी गावात जाऊन सांगतं की अमुक तलाव सुटला.

याला इथे आईस-आऊट म्हणतात आणि त्याच्या तारखा लोक वर्षानुवर्षं लिहून ठेवतात. राज्याचं हवामान कार्यालय त्या गोळा करतं. तलाव सुटला कधी म्हणायचं, याचा नियम मात्र तलावागणिक वेगळा. कुठे ९० टक्के बर्फ गेला की, कुठे या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट न अडकता गेली की. यावर पैजा लागतात, आणि पैज हरलेला माणूस हमखास व्याख्येवर वाद घालतो. या भागात बहुतेक वर्षी एप्रिलच्या शेवटच्या दिवसांपासून मेच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत हे होतं, पण त्यात मोठी ओढाताण आहे. २०१३ मध्ये मासेमारीचा हंगाम मेच्या मध्याला सुरू झाला तेव्हा उत्तरेकडचे पुष्कळ तलाव गोठलेलेच होते. लोक गळ घेऊन आले आणि बर्फाकडे बघत बसले. उलट २०२३-२४ च्या हिवाळ्यात हिम पडलंच नाही म्हणावं इतकं कमी. डुलुथची प्रसिद्ध बेअरग्रीस कुत्र्यांच्या घसरगाड्यांची शर्यत रद्द झाली, आणि मिनेसोटातल्या अनेक तलावांनी लवकर सुटण्याचे जुने उच्चांक मोडले.

बर्फ गेला म्हणजे पाणी उबदार झालं असं मात्र नाही. उलट याच दिवसांत ते माणसाला सगळ्यात धोक्याचं असतं. हवा पंधरा-सोळा अंशांवर, ऊन अंगावर घ्यावंसं, आणि पाणी चार अंशांवर. कनू उलटली तर पहिला मिनिटभर श्वासच ताब्यात राहत नाही आणि दहाएक मिनिटांत हातपाय ऐकेनासे होतात. चार अंश या आकड्यात तलावाचं सगळं वर्ष दडलेलं आहे. पाणी सगळ्यात जड असतं ते याच तापमानाला. हिवाळाभर हे जड पाणी तळाशी, त्याहून थंड पण हलकं पाणी वर, आणि त्यावर बर्फाचं झाकण. बर्फ सुटला, वरचं पाणी तापत चार अंशांवर आलं की वरखाली सगळं सारख्या वजनाचं होतं. मग वारा पूर्ण तलाव तळापासून ढवळू शकतो. महिनोन्‌महिने कोंडलेल्या तळाला प्राणवायू मिळतो आणि तळाचा कस वर येतो. थंड पाण्यात राहणारे लेक ट्राउट मासे एरवी खोल दडलेले असतात, ते या दिवसांत काठाजवळ उथळ पाण्यात फिरताना दिसतात. कासवं वर येतात. इथलं पेंटेड कासव हिवाळाभर तळाच्या चिखलात श्वास न घेता पडून असतं. अंगात साठणारं आम्ल ते स्वतःच्या कवचातल्या चुन्याने मारतं. वर आल्यावर ओंडक्यावर पाय ताणून तासन्‌तास ऊन खात बसतं. माझ्या मते ते ऊन त्याने कमावलेलं असतं.

आणि लून. बर्फ सुटला त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, तलावावर लून असतो. मला आधी ही लोकांची अतिशयोक्ती वाटायची. पण त्याला कारण आहे. मेक्सिकोच्या आखातात आणि अटलांटिकच्या किनाऱ्यावर हिवाळा काढून हे पक्षी बर्फाच्या कडेकडेने उत्तरेला सरकत येतात. जवळच्या उघड्या नदीवर मुक्काम करतात आणि तिथून आपल्या तलावावर उडत येऊन टेहळणी करून जातात. झाला का मोकळा? नाही? उद्या पुन्हा. नर आधी, मादी काही दिवसांनी.

लूनला घाई करून चालत नाही, कारण चुकीच्या जागी उतरला तर तो संपला. बहुतेक पक्ष्यांची हाडं पोकळ, याची पुष्कळशी भरीव. म्हणूनच तो साठ मीटरपर्यंत बुडी मारू शकतो. पाय शरीराच्या अगदी मागे, पोहायला उत्तम, जमिनीवर निकामी. उडायला त्याला पाण्यावर लांबलचक धाव घ्यावी लागते. बर्फावर किंवा पावसाने चमकणाऱ्या डांबरी रस्त्यावर पाणी समजून उतरलेला लून पुन्हा उडू शकत नाही. दरवर्षी अशा काही पक्ष्यांना कुणीतरी गोधडीत गुंडाळून तलावावर नेऊन सोडतं.

१९६१ पासून तो मिनेसोटाचा राज्यपक्षी आहे. इथे सुमारे बारा हजार लून आहेत. अलास्का वगळता अमेरिकेच्या कुठल्याच राज्यात इतके नाहीत. काळं डोकं, पाठीवर पांढऱ्या चौकटींची नक्षी, लाल डोळे. फोटोंत तो देखणा दिसतोच, पण लोक त्याच्यासाठी येतात ते आवाजासाठी. त्याचे मुख्य आवाज चार. जवळ जवळ असताना बारीक हुंकार. धोका दिसला की थरथरतं, वेड्यासारखं हसणं. दूरच्या जोडीदाराला घातलेली लांब, चढत जाणारी साद, जी रात्री पाण्यावरून तीन-चार तलाव ओलांडून जाते. आणि चौथी, फक्त नराची, हद्द सांगणारी किंचाळती लकेर. प्रत्येक नराची ही लकेर वेगळी असते, आणि त्याने तलाव बदलला तर तो ती लकेरही बदलतो, असं संशोधकांना आढळलं आहे. म्हणजे नाव माणसाचं की गावाचं, असा प्रश्न पडावा.

लूनची जोडी जन्मभर एकनिष्ठ राहते, अशी गोष्ट इथल्या दुकानांतल्या मगांवर आणि टी-शर्टांवर छापलेली असते. खरी निष्ठा आहे ती तलावाशी. वसंतात एखादा दांडगा नर येतो, आधीच्या मालकाशी झुंजतो, कधी त्याचा जीवही घेतो, आणि जिंकला की मादी त्याच्याबरोबर राहते. मादीलाही दुसरी मादी हुसकावते. म्हणजे त्या पहिल्या दिवसांत धुक्यातून येणारं आर्त वगैरे वाटणारं ओरडणं बऱ्याचदा जमिनीची भांडणं असतात. शेतकऱ्याच्या घरात वाढल्याने मला त्यात विशेष काही वाटत नाही.

लूनच्या पाठोपाठ बाकीचे येतात. लाल खांद्याचे काळे पक्षी लव्हाळ्यात, क्रौंच दलदलीत, पांढऱ्या गळ्याची चिमणी पहाटे तीच ती शीळ घालत. आणि ऑस्प्रे. त्याच्याजवळ मी थोडी थांबते, कारण तो माझ्या ओळखीचा आहे. आपल्याकडे त्याला कैकर म्हणतात, कुणी मोरघार. माझं बालपण नांदूर मध्यमेश्वरच्या आसपास गेलं. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथलं हे ब्रिटिशकाळातलं धरण. गाळाने भरत भरत त्याची पाणथळ झाली आणि २०२० मध्ये ती महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, ठरली. दिवाळी सरली की तिथे परदेशी पाहुणे येत. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक. कैकरही येई आणि पाण्यावर एका जागी पंख हलवत थांबून धाडकन मासा उचली. होळीच्या आगेमागे सगळे गायब. कुठे जातात, हे विचारलं की मोठी माणसं उत्तरेकडे हात करून "तिकडं, सायबेरियात" म्हणत, आणि विषय संपे. पाहुण्याच्या घरी काय चाललंय, हे कोण कशाला विचारतो?

ईलीच्या पुढे एका वठलेल्या उंच पाइनच्या शेंड्यावर ऑस्प्रेचं घरटं पाहिलं तेव्हा मला क्षणभर अवघडल्यासारखं झालं. पाहुणा घरच्या कपड्यांत दिसला. नर मासा आणून देतोय, मादी ओरडून आणखी मागतेय, काटक्या पडताहेत, शेजारचा ईगल मासा हिसकवायला टपलाय. नांदूरला हा पक्षी किती शांत असे! अर्थात हा तो नव्हे. इथले ऑस्प्रे हिवाळ्यात मध्य आणि दक्षिण अमेरिकेकडे जातात, आणि गोदावरीवर येणारे येतात ते आशिया-युरोपच्या उत्तरेकडून. जात एक, वाटा वेगळ्या. थापट्या आणि तलवार बदकही मिनेसोटात अंडी घालतात, पश्चिमेकडच्या गवताळ पाणथळींत. तरी वाटून गेलं की आपण या सगळ्यांना पाहुणे म्हणतो, त्यांच्या वर्षाचा निम्म्याहून थोडासा कमी काळ आपल्याकडे जातो, आणि त्यांची भांडणं, लग्नं, पोरंबाळं यातलं काहीच आपल्याला ठाऊक नसतं. फोटो पाठवला तर नाना म्हणाले, "हा तर आपल्या धरणावरचा. वाळला की जरा."

रात्री वसंत ऐकायचा. अजून कडेला हिम असतं तेव्हाच डबक्यांतून वुड फ्रॉगची कुरबुर सुरू होते, बदकं आपसांत बोलतात तशी. हा बेडूक हिवाळ्यात पाचोळ्याखाली अक्षरशः गोठतो. अंगातल्या पाण्याचा दोन तृतीयांशाएवढा भाग बर्फ होतो, हृदय थांबतं, आणि पेशींत भरलेल्या साखरेमुळे त्या फुटत नाहीत. एप्रिलमध्ये तो वितळतो आणि लगेच लग्नाच्या तयारीला लागतो. मग स्प्रिंग पीपर, इंचभर लांबीचे, पण शेकड्यांनी ओरडायला लागले की तंबूत शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. पहाटे जंगलातून आणखी एक आवाज येतो, तो कानांपेक्षा छातीला कळतो. रफ्ड ग्राऊस नावाचा कोंबड्याच्या जातीचा पक्षी आपल्या ठरलेल्या ओंडक्यावर उभा राहून पंखांनी हवा हाणत असतो. आमच्या विहिरीवरचं डिझेल इंजिन हँडल मारून सुरू करताना असंच व्हायचं: एक ठोका, थांबून दुसरा, मग जवळ जवळ, आणि शेवटी एकच भरभराट. फक्त ग्राऊसचं इंजिन दरवेळी सुरू होता होता बंद पडतं.

आतापर्यंतचं सगळं वाचून वसंत लवकर आला तर बरंच, असं वाटेल. मलाही, पाच महिने फावडं मारून झाल्यावर, तेच वाटतं. पण मूसला विचारा. मूस म्हणजे जगातलं सगळ्यात मोठं हरीण, खांद्यापाशी माणसाहून उंच. एप्रिलमध्ये ते रस्त्याकडेला मीठ चाटायला येतात, ते हिवाळ्यात रस्त्यांवर टाकलेलं असतं. त्यांतल्या काहींचं अंग पांढरट, केस झडलेले. हिवाळी गोचिडांनी त्यांना शोषलेलं असतं. एका जनावरावर हजारो, कधी दहा-दहा हजारांनी. अंग घासून घासून केस तुटतात. या गोचिड्या एप्रिलमध्ये अंडी घालायला खाली पडतात. खाली हिम असेल तर पुष्कळशा मरतात. जमीन उघडी असेल तर जगतात, आणि पुढच्या शरदात त्यांची पिल्लं गवताच्या पात्यांवर चढून मूसची वाट बघतात. म्हणजे आपला लवकर आलेला सुंदर वसंत, ती मूसच्या पुढच्या हिवाळ्याची बातमी असते.

एवढंच नाही. जंगलतोडीनंतर आणि हिवाळे सौम्य झाल्यावर दक्षिणेची पांढऱ्या शेपटीची हरणं इथे वाढली. त्यांच्यात एक मेंदूतला कृमी असतो, त्यांना त्याचा त्रास नाही. गोगलगायींमार्फत तो मूसमध्ये गेला की मूस भ्रमिष्टासारखं गोल गोल फिरून मरतं. शिवाय वासरांवर लांडगे आणि अस्वलं. मिनेसोटात २००६ च्या गणतीत साडेआठ हजारांवर मूस होते. अलीकडच्या गणत्या तीन-चार हजारांच्या आसपास घुटमळताहेत. तरी मेच्या मध्याला माद्या पोहत बेटांवर जातात आणि तिथे वासरं घालतात, कधी जुळी.

परत आलेल्यांची यादी इथे खरंच मोठी आहे, आणि ती आपोआप झालेली नाही. १९७२ मध्ये डीडीटी या कीटकनाशकावर बंदी आली आणि ईगलची अंडी पुन्हा टिकायला लागली. २००७ मध्ये त्याचं नाव संकटग्रस्तांच्या यादीतून निघालं. अलास्का सोडून बाकी देशात लांडगे जवळजवळ संपले तेव्हा ते टिकले ते मुख्यतः याच जंगलात; आज राज्यात ते अडीच-तीन हजार आहेत आणि एप्रिलमध्ये त्यांच्या बिळांत पिल्लं असतात. ट्रम्पेटर हंस माणसांनी परत आणून सोडले. पण नकाशावर अजून कॅरिबू नावाचे तलाव आहेत आणि कॅरिबू नाहीत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते इथून संपले. अमेरिकेतल्या वन्यजीवांच्या यशोगाथा वाचताना हे तलाव मला आठवतात. शिवाय एकाच्या यशात दुसऱ्याची किंमत: ईगल वाढले तसे लूनची पिल्लं उचलणारेही वाढले. यावर काय करायचं, हे मला विचाराल तर मी काहीच करू नये म्हणेन, पण घरट्यावर बसलेल्या लूनचं मत वेगळं असणार.

पालवी फुटायला मेचा दुसरा पंधरवडा उजाडतो. त्याआधी दोन-तीन आठवडे असे असतात की हिम गेलेलं, गवत वाळकं, पाचोळा कोरडा, वारा सुटलेला. तेव्हा इथे वणवे लागतात. ५ मे २००७ रोजी हॅम लेकचा वणवा असाच पेटला आणि दोन्ही देशांत मिळून सुमारे ७५ हजार एकर जंगल जळालं. १९९९ च्या चार जुलैच्या वादळात आडवी झालेली लाखो झाडं तिथे वाळून पडलेली होतीच. आता त्या पट्ट्यात जॅक पाइनची दाट रोपं उभी आहेत. या झाडाची फळं राळेने बंद असतात आणि आगीच्या धगीनेच उघडतात. मधल्या जागेत ब्लूबेरी आहे, अस्वलं ती खातात. अस्वलांची पिल्लं जानेवारीत गुहेतच जन्मलेली असतात. वसंतात ती आईमागून बाहेर येतात, आई अ‍ॅस्पेनचे तुरे ओरबाडत असते आणि ती झाडावर चढायचा सराव करत असतात.

आणि मग, सगळं हिरवं होऊन कनू बाहेर काढावी अशी हवा पडते, नेमक्या त्याच आठवड्यात काळ्या माश्या येतात. त्या फक्त स्वच्छ, वाहत्या पाण्यात वाढतात, म्हणून इथले लोक त्यांचा थोडा अभिमानही बाळगतात, जाळीची टोपी घालून. कानामागे, मनगटापाशी, मोज्याच्या कडेला चावतात. चावल्याचं रक्त वाहायला लागल्यावर कळतं. त्यांची एक जात तर खास लूनवरच बसते, इतकी की पक्षी कधी अंडी सोडून घरट्यावरून उठतो. याच माश्या, पाठोपाठचे डास आणि इतर किडे यांच्यावर वॉर्बलर नावाचे चिमुकले पक्षी जगतात, जे मध्य अमेरिकेतून इतक्या लांब याच मेजवानीसाठी येतात. ईलीत कनू भाड्याने देणारे एक आजोबा म्हणतात की माश्या नसत्या तर इथे पक्षी नसते आणि माणसं फार झाली असती.

यंदा नानांना मी जूनमध्ये बोलावलंय. व्हिसा झालाय, तिकीट झालंय, लून बघायचा आहे म्हणून त्यांनी दुर्बिणीच्या काचाही पुसून ठेवल्यात. परवा फोनवर त्यांनी विचारलं, "तिकडं डास-बिस नसतील ना?" मी म्हटलं, नाना, तुमची लांब बाह्यांची जाड सदरे आहेत ना, ती सगळी घेऊन या.